विटांआडचे शेतघर : विल्मकोट येथील ग्लीब फार्मचा पुरावा

१

इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यात, स्ट्रॅटफर्ड गावाच्या वायव्येस सुमारे तीन मैलांवर, विल्मकोट नावाचे खेडे आहे. नाटककार विल्यम शेक्सपिअर याची आई मेरी आर्डेन ही या खेड्यातील रॉबर्ट आर्डेन या शेतकऱ्याची धाकटी कन्या होय. तिचे माहेरघर कोणते, या प्रश्नाला १८व्या शतकाच्या अखेरीस स्ट्रॅटफर्डच्या जॉन जॉर्डन याने उत्तर दिले. त्याने दाखविलेले घर उघड्या लाकडी सांगाड्याचे होते. ‘ट्यूडर’ काळातील शेतकऱ्याचे घर म्हटले म्हणजे जे चित्र सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्याच्याशी ते तंतोतंत जुळत होते. पुढे १९३० मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते विकत घेतले, आणि ‘मेरी आर्डेनचे घर’ म्हणून ते जगभरच्या प्रवाशांना दाखविले जाऊ लागले.

या घराच्या शेजारीच ‘ग्लीब फार्म’ नावाचे दुसरे एक शेतघर होते. त्याच्या भिंतींत १९व्या शतकातील विटकाम ठळकपणे दिसत असे. ते अंगाने साधे, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीने फारसे जुने नव्हे. ट्रस्टने तेही १९६८ मध्ये घेतले, परंतु तो व्यवहार जुन्या शेतवाडीचा परिसर अखंड राहावा एवढ्याच हेतूने झाला. २००० साली जमीनधारणेच्या कागदपत्रांचा कसून अभ्यास झाल्यावर निष्पन्न झाले ते असे : जॉर्डनने दाखविलेले देखणे लाकडी घर ॲडम पामर या शेजाऱ्याचे होते, आणि आर्डेन कुटुंबाचे खरे घर म्हणजे हे विटांचे ग्लीब फार्म. त्याच्या आतील जुन्या लाकडांचा काल वृक्षवलयांच्या मोजणीवरून सुमारे १५१४ असा ठरला.

दोनशे वर्षे टिकलेली ही चूक कशी झाली? जॉर्डन हा दंतकथा रचण्याविषयी प्रसिद्ध होता, हे एक कारण खरेच. परंतु त्याच्यामागून आलेल्या कित्येक जाणत्यांनाही शेजारच्या घराकडे वळून पाहावेसे वाटले नाही, याचे उत्तर एकट्या जॉर्डनच्या स्वभावात सापडत नाही. ते इंग्लिश शेतघराच्या वास्तुरचनेत आणि विशेषतः त्या रचनेत विटेने बजावलेल्या भूमिकेत शोधावे लागते.

२

विटेचा विचार करण्यापूर्वी शेतघराचा मूळ आराखडा ध्यानात घेणे अवश्य आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धातील इंग्लिश शेतघर हे, दक्षिण आणि मध्य इंग्लंडच्या मोठ्या भागात, ओक लाकडाच्या सांगाड्याचे असे. खांब, तुळया आणि तिरके आधार यांचा हा सांगाडा दगडी जोत्यावर उभा राही. दोन खांबांमधील अंतर हे घराच्या लांबीचे माप असे; मराठीत ज्याला ‘खण’ म्हणतात तेच हे माप. सांगाड्यातील मोकळ्या चौकटी काटक्यांच्या विणीने भरून त्यावर चिखल, शेण आणि पेंढा यांचे लिंपण करीत. अशा भिंतीला कूड याहून निराळे नाव शोधण्याची गरज नाही. वर गवताने शाकारलेले उंच, उताराचे छप्पर असे.

घराच्या मध्यभागी ‘हॉल’ असे. आज या शब्दाने एक तर मोठे सभागृह किंवा नुसती प्रवेशाची जागा सूचित होते. त्या काळी मात्र तो घराचा प्राण होता. हा खण जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा, वर माळा नाही. मधोमध जमिनीवर आगटी पेटलेली, आणि धूर वर जाऊन छपरातील फटींतून वा झरोक्यातून बाहेर पडत असे. हॉलच्या एका टोकाला समोरासमोर दोन दारे आणि त्यांना जोडणारी आडवी वाट. त्या वाटेपलीकडे दोन लहान कोठारे : ‘बटरी’ आणि ‘पँट्री’. दुसऱ्या टोकाला कुटुंबप्रमुखाची खासगी खोली असे.

या खोल्यांची नावे ही स्वतंत्र पुराव्याच्या योग्यतेची आहेत. ‘बटरी’चा लोण्याशी संबंध जोडला जातो, तो केवळ ध्वनिसाम्यामुळे. मूळ फ्रेंच शब्द पिपांवरून आलेला असून बटरी म्हणजे पेयांच्या पिपांची खोली. ‘पँट्री’ हा भाकरीवाचक लॅटिन शब्दाचा वंशज. ‘पार्लर’ म्हणजे बोलण्याची, एकांतात संभाषण करण्याची जागा. सेवेच्या आणि खासगीपणाच्या खोल्यांना नॉर्मन विजयानंतर आलेल्या फ्रेंच थरातील नावे मिळाली, आणि मधल्या मोकळ्या खणाचे ‘हॉल’ हे नाव मात्र जुन्या इंग्लिशमधून सरळ चालत आले. ‘विंडो’ हा शब्द तर स्कँडिनेव्हियन. त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. काचेच्या तावदानापूर्वीची उघडी खिडकी त्यात जपलेली आहे. वस्तू बदलली तरी नाव टिकते, आणि नाव बदलले तरी वस्तू टिकते. या दोन्ही प्रकारांनी अभ्यासकाची फसगत होऊ शकते, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

३

वीट ही इंग्लंडला रोमनांनी दिली. ५व्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता संपुष्टात आली, आणि विटा भाजण्याची कलाही त्याबरोबर लोपली. त्यानंतर कित्येक शतके जुन्या रोमन इमारतींच्या विटा काढून त्याच पुन्हा वापरल्या जात. सेंट ऑल्बन्सच्या मठमंदिराचा मनोरा हे याचे ठळक उदाहरण होय. इंग्लंडमध्ये नव्याने भाजलेल्या मध्ययुगीन विटांचा सर्वांत जुन्यांपैकी एक नमुना एसेक्समधील कॉगेशॉल मठात, सुमारे १२२० च्या बांधकामात, आढळतो. तेथून पुढे पूर्व किनाऱ्यावर नेदरलंड्सशी चाललेल्या व्यापाराच्या छायेत हा उद्योग हळूहळू वाढला.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. मराठीतील ‘वीट’ ही संस्कृत ‘इष्टका’ची थेट वारसदार असून यज्ञवेदीच्या चितीपर्यंत तिची परंपरा पोचते. इंग्लिश ‘ब्रिक’ मात्र उपरा शब्द आहे. तो १५व्या शतकात मध्य-डच आणि फ्रेंच या मार्गांनी भाषेत रुजला. तत्पूर्वी विटेला स्वतंत्र नाव नव्हते. तिला ‘भिंतीचे कौल’ अशा अर्थाच्या जोडशब्दाने ओळखीत, आणि त्यातील कौलवाचक अंश लॅटिनमधून जुन्या इंग्लिशमध्ये आलेला होता. ज्या समाजात वस्तूला स्वतःचे नावही नाही, त्या समाजात ती नित्याच्या व्यवहारातील नव्हती, असे अनुमान करणे सयुक्तिक ठरते.

प्रारंभी वीट ही वैभवाची खूण होती. १५व्या शतकाच्या पूर्वार्धात लॉर्ड राल्फ क्रॉमवेलने टॅटरशॉल येथे विटांचा मनोरा उभारला. १५१४ च्या सुमारास कार्डिनल वुल्झीने हॅम्प्टन कोर्टची जागा घेऊन तेथे विटांचा विस्तीर्ण प्रासाद सुरू केला. विल्मकोटच्या त्या शेतघरासाठी ओक वृक्ष तोडले गेले तेही याच सुमारास. एकाच वेळी सत्ताधीश विटेत बांधतो आणि शेतकरी लाकडात बांधतो, हे त्या युगाचे वास्तव होय. विटेला कुशल कामगार लागे, जळण लागे आणि वेळ लागे. शरद ऋतूत माती खणून ती हिवाळाभर हिमाच्या तडाख्यात मोकळी पडू द्यायची. वसंतात मळून साच्यात घालायची. आडोशाला रचून वाळवायची. आणि मग भट्टी लावायची. भट्टीत आगीच्या अगदी जवळ असलेल्या विटांची टोके काचेसारखी निळसर-काळी होत. गवंडी ती निवडून तांबड्या भिंतीत चौकटींची नक्षी उठवीत.

४

शेतकऱ्याच्या घरात वीट शिरली ती प्रथम भिंतीत नव्हे, धुराड्यात. एसेक्समधील रॅडविंटर येथील धर्मगुरू विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंड-वर्णनात गावातील वृद्धांचे मत नोंदविले आहे. त्यांच्या हयातीत झालेल्या तीन ठळक बदलांत त्यांनी धुराड्यांची वाढलेली संख्या पहिली सांगितली. दुसरा बदल अंथरुणा-पांघरुणातील सुधारणेचा, आणि तिसरा लाकडी भांड्यांच्या जागी आलेल्या धातूच्या भांड्यांचा. एका पिढीच्या स्मृतीत घराचा गाभा बदलला होता.

धुराड्याने घर कसे बदलले, हे नीट पाहिले पाहिजे. धूर बंदिस्त झाला, म्हणून हॉलवर माळा घालता आला. माळा झाला, म्हणून वर निजण्याच्या खोल्या मिळाल्या. आणि एकाच जाड विटबांधणीच्या दोन्ही अंगांना चुली ठेवून दोन खोल्या ऊबदार करता आल्या. पूर्वीच्या आडव्या वाटेऐवजी अनेक घरांत दार थेट धुराड्यासमोर आले. आत पाऊल टाकताच समोर विटांची भिंत, डावीकडे एक खोली, उजवीकडे दुसरी, अशी ही रचना होय. आग्नेय आणि पूर्व इंग्लंडमधील १७व्या शतकातील शेतघराचे ते ओळखीचे लक्षण ठरले. ‘चिमनी’ या शब्दाचा अर्थही याच काळात सरकला. आधी तो मुख्यतः अग्निस्थानाला, चुलीच्या जागेला लागू होता; पुढे धूर नेणाऱ्या उभ्या नळीला तो चिकटला. शासनानेही या बदलाची दखल आपल्या पद्धतीने घेतली : १६६२ पासून १६८९ पर्यंत प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर घेतला जाई.

या एकूण परिवर्तनाला डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये ग्रामीण इंग्लंडची पुनर्बांधणी असे नाव देऊन तिचा काल १५७० ते १६४० असा मांडला. १९७७ मध्ये आर. मॅचिन याने तारखा कोरलेल्या घरांची गणना करून दाखविले, की बांधकामाचा सर्वांत मोठा जोर त्यानंतर, १७व्या शतकाच्या अखेरीस आणि १८व्याच्या आरंभी, पडतो. या मतभेदातून एक गोष्ट स्पष्ट होते. पुनर्बांधणी ही एका लाटेने झालेली नसून प्रदेशाप्रदेशाने, आणि एकाच घरात टप्प्याटप्प्याने, होत गेली.

५

भिंतीतील वीट ही या टप्प्यांपैकी बहुधा शेवटची पायरी. नवे घर विटांत बांधणारे शेतकरी १७व्या शतकात पूर्वेकडील परगण्यांत पुष्कळ झाले. तथापि ज्याच्याजवळ मजबूत ओक सांगाडा आधीच उभा होता, त्याने तो पाडण्याचे कारण नव्हते. कूड खिळखिळा झाला की तो काढून चौकटींत विटा भरणे, दर्शनी बाजूस विटांचे नवे आवरण चढविणे, किंवा कुजलेल्या खांबांच्या जागी तेवढीच भिंत विटांची करणे, हे उपाय स्वस्त होते. त्यामागे केवळ टिकाऊपणाचा विचार नव्हता. १८व्या शतकात समोरासमोर तोललेल्या खिडक्यांची, सपाट विटांची दर्शनी बाजू ही सुस्थितीची आणि अभिरुचीची खूण मानली जाई. उघडे लाकूड हे जुनाट आणि गावंढळ समजले जाई. केंट आणि ससेक्स या परगण्यांत तर विटेसारखी दिसणारी खास कौले लाकडी भिंतीवर ठोकून विटांचा आभास निर्माण करीत. हा प्रकार १७८४ मध्ये बसविलेला विटांवरील कर चुकविण्यासाठी निघाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु अशी कौले त्यापूर्वीची आहेत, आणि कर कौलांवरही होता. कारण कर नव्हे, रुची होय.

विटेवरील हा कर हजारी अडीच शिलिंगांपासून सुरू होऊन पुढे वाढत गेला आणि १८५० मध्ये रद्द झाला. कर नगावर असल्यामुळे काही ठिकाणी विटा मोठ्या होऊ लागल्या. तेव्हा १८०३ मध्ये ठरावीक मापाहून मोठ्या विटांवर दुप्पट कर बसविण्यात आला. विल्मकोटच्या परिसरात याच्या जोडीला दळणवळणाची सोय झाली. १८१६ मध्ये स्ट्रॅटफर्डपर्यंत पोचलेला कालवा या खेड्याजवळूनच जातो, आणि १८६० मध्ये तेथे आगगाडी आली. कोळसा आणि बांधकामाचे जड साहित्य स्वस्तात आणण्याचा मार्ग असा मोकळा झाला. १९व्या शतकात खेड्यातील एका जुन्या घराने विटांचे अंगरखे चढवावे, यात नवल असे काही नाही.

६

मग अशा घराचा काल ठरवावयाचा कसा? गेल्या शतकातील अभ्यासाने याविषयी काही कसोट्या निश्चित केल्या आहेत, आणि त्या सर्वांचा रोख एकच आहे : दर्शनी भिंतीला शेवटी विचारावे.

प्रथम छप्पर पाहावे. कौलांखालचा उतार अतिशय उभा असेल, तर ते छप्पर मूळचे गवताचे असण्याचा संभव असतो. वासे आणि आढे काजळीने काळे पडले असतील, तर त्या खणात एके काळी उघडी आगटी होती आणि माळा नंतर घातला गेला, याविषयी शंका उरत नाही. त्यानंतर धुराड्याची जागा पाहावी. ते घराच्या लांबीत कोठे पडते, दाराशी त्याचा संबंध काय, यावरून ते मूळ रचनेचा भाग आहे की मागाहून घुसविलेले, हे कळते. पुढे भिंतीची जाडी. विटांची लांब आणि आखूड तोंडे प्रत्येक थरात आलटून पालटून दिसणारी बांधणी ही नेहमी पूर्ण विटेच्या जाडीची असते असे नव्हे. अर्ध्या विटेच्या पातळ आवरणातही आखूड तोंडे दाखविण्यासाठी विटा मोडून बसवीत. खिडकीच्या बगलेत आतून पाहिले म्हणजे हे उघड होते.

विटेचे माप हाही पुरावा आहे, परंतु जपून वापरण्याचा. १५७१ च्या सनदेने नऊ इंच लांब, सव्वाचार इंच रुंद आणि सव्वादोन इंच जाड असे माप ठरविले होते. जुनी वीट सामान्यतः पातळ, नवी जाड, हा ठोकताळा बराचसा खरा आहे. तथापि माती, साचा आणि भट्टी यांप्रमाणे तो बदलतो, आणि पाडलेल्या इमारतीच्या विटा पुन्हा वापरल्या गेल्या असतील तर तो अगदीच निरुपयोगी ठरतो.

सर्वांत निर्णायक कसोटी वृक्षवलयांची. झाडाच्या वार्षिक वलयांची जाडी त्या त्या वर्षाच्या हवामानाप्रमाणे कमी-अधिक होते. तुळईतील वलयांचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवून पाहता येतो, आणि सालीलगतचे शेवटचे वलय शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले तेही कळते. ओक लाकूड ओले असतानाच सुतार ते घडवीत. त्यामुळे तोडणीचे वर्ष आणि बांधणीचे वर्ष यांत फारसे अंतर नसते.

परंतु या कसोटीलाही मर्यादा आहे. वलये घराचे वय सांगतात, घरमालकाचे नाव सांगत नाहीत. त्यासाठी दप्तराकडेच वळावे लागते.

७

विल्मकोटचे महत्त्व येथे आहे. एन. डब्ल्यू. ऑलकॉक आणि रॉबर्ट बेअरमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात गावातील जमिनी कोणाकडून कोणाकडे गेल्या, याचा मागोवा घेतला आहे. ज्या जागेवर प्रसिद्ध लाकडी घर उभे आहे ती पामरची होती, आणि ग्लीब फार्मची जागा आर्डेनची, हे त्यातून ठरले. वृक्षवलयांनी या निष्कर्षाला दुजोरा दिला. ग्लीब फार्मची लाकडे सुमारे १५१४ ची निघाली. पामरचे घर मात्र १६व्या शतकाच्या उत्तरार्धात, १५५६ मध्ये रॉबर्ट आर्डेनचा मृत्यू झाल्यानंतर, बांधलेले ठरले. मेरीचे लग्न त्यानंतर लवकरच, सुमारे १५५७ मध्ये, झाले. म्हणजे जे घर तिचे माहेर म्हणून लक्षावधी लोकांनी पाहिले, ते तिच्या लहानपणी उभेच नव्हते.

नावानेही येथे दिशाभूल केली. ‘ग्लीब’ म्हणजे ज्या जमिनीचे उत्पन्न चर्चकडे जाते ती जमीन. घराला हे नाव मिळाल्यावर आर्डेन कुटुंबाची आठवण त्याच्यातून पुसली गेली; आणि शेजारच्या घराला आर्डेनचे नाव मिळाल्यावर पामरची आठवण पुसली गेली. एका घराची ओळख विटांनी झाकली, दुसऱ्याची कीर्तीने.

रॉबर्ट आर्डेनच्या मृत्यूनंतर झालेली त्याच्या मालमत्तेची यादी उपलब्ध आहे. तीत भिंतीवर लावावयाच्या रंगविलेल्या कापडांची नोंद आहे. उंची विणीव पडदे न परवडणाऱ्या, पण सुस्थितीतील शेतकऱ्याच्या घरात अशी कापडे कुडाच्या भिंती झाकीत. मृत्युपत्राने मेरीला ‘ॲस्बीज’ नावाची जमीन मिळाली. या दोन कागदांतून जे कुटुंब दिसते, ते खाऊनपिऊन सुखी, जमिनीला धरून असलेले असे आहे. त्यांच्या घराचे आजचे साधे रूप या चित्राशी विसंगत नाही. विसंगत होती ती उत्तरकाळाची अपेक्षा. महाकवीच्या आईचे घर चित्रात शोभेल असेच असले पाहिजे, अशी ती अपेक्षा होती.

शेवटी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ग्लीब फार्म १९६८ मध्ये वाचले ते त्याची योग्यता कळली म्हणून नव्हे. शेजारच्या घराला शोभेसा परिसर हवा होता म्हणून ते वाचले. तो व्यवहार झाला नसता आणि ते पाडले गेले असते, तर पुढे कागदांनी जागा निश्चित केली तरी वलये मोजण्यास तुळई उरली नसती. इंग्लंडच्या खेड्यांत विटांनी झाकलेली, कोणाच्याही नावाशी न जोडलेली अशी अनेक घरे आहेत. त्यांच्या भिंतींवरची तारीख ही बहुधा शेवटच्या दुरुस्तीची असते. जन्माची तारीख छपरात, जमिनीच्या कागदांत आणि खोल्यांच्या नावांत विखुरलेली असते. आणि ती एकत्र जुळवून वाचेपर्यंत अशा घराला अर्वाचीन म्हणण्याची घाई करणे इष्ट नव्हे.